म्हणे, जुनी गाडी आहे, ऑइल गळणारच!

सकाळी पिकअप मागे घेतली आणि खाली पुन्हा काळा डाग. काल टाकलेल्या पुठ्ठ्यावर चार नवे थेंब. वैताग आलाय! आणि थेंबांपेक्षा जास्त वैताग "जुनी गाडी आहे, थोडंफार गळणारच" ह्या वाक्याचा. का गळणार? दोन भागांच्या सांध्यातल्या पॅकिंगचं रबर तापून तापून कडक होतं, ऑइल सील झिजते, बोल्ट ढिला पडतो. कारण असतं आणि ते सापडतं. फक्त गाडीखाली शिरून बघायचे कष्ट कोणालाच नको असतात.

गॅरेजवाल्यांनी माझ्या गाडीच्या चेंबरचं, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचं, पॅकिंग दोनदा बदललं. दोनदा! थेंब चेंबरला लोंबतोय ना, मग चेंबरच गळतंय, असं ठरवून मोकळे. अरे, तेल वरून खाली ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणातून म्हणजे टॅपेट कव्हरमधून, ऑइल प्रेशर स्विचमधून, फिल्टरच्या बुडातून, कुठूनही पाझरलं तरी शेवटी टपकतं ते चेंबरवरूनच. आधी इंजिन धुवा, कोरडं करा, गाडी थोडी फिरवून आणा आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. एवढंही कोणी केलं नाही. उलट दुसऱ्या खेपेला बोल्ट इतके करकचून आवळले की पॅकिंग चेपून बाहेर आलं, चेंबरची कडा वाकली आणि वरून सिलिकॉन थापलं. ते सिलिकॉन आत सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकलं तर इंजिनच जाईल, ह्याचा विचार कोण करणार?

शेवटी मीच बॉनेट उघडून बसलो. ब्रीदरचा पाइप काळ्या चिकट घाणीने पार चोंदलेला! इंजिनच्या आतला दाब बाहेर जायला वाटच नाही, मग तो तेल ढकलणार पॅकिंगमधून आणि सीलमधून. अशात शंभर पॅकिंगं बदलली तरी काय उपयोग? पाच मिनिटांची तपासणी होती ती.

आणि "थोडंसंच तर आहे" म्हणू नका मला. तेच थोडंसं तापलेल्या एग्झॉस्टवर पडलं की केबिनभर जळका वास येतो, आगही लागू शकते. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलमधून गेलं तर क्लच प्लेट भिजते. ती सील केवढीशी, पण तिच्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. रबरी माउंटिंगं तेलाने फुगून मऊ पडतात, ते वेगळंच. बऱ्याच इंजिनांत डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) दोन खुणांमध्ये साधारण 1 लिटरचंच अंतर असतं. थेंबाथेंबाने तेवढं कधी गेलं ते कळतही नाही, म्हणून रोज सकाळी डिपस्टिक पुसून बघणं माझ्या नशिबी आलंय.

ब्रीदर साफ केलाय. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात ओल दिसतेय, ते पॅकिंग रविवारी मी स्वतः बदलणार. चेंबरला मात्र आता कोणालाही हात लावू देणार नाही.