मागे किती जण बसलेत? : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कापसाची वेचणी सुरू आहे, मजूर मिळत नाहीत, म्हणून उत्तराला आठवडा लागला. राग मानू नका.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या आर्वी तालुक्यातल्या गावात महिन्यातून एका शनिवारी ओसरीवर पोकरची स्पर्धा होते: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांसाठी पाच, त्यांतून पाच पत्त्यांचा सर्वांत चांगला हात करायचा. १८ जण, नऊ-नऊची दोन टेबलं. प्रवेश फी नाही, पैसा नाही; पहिल्या तिघांना थर्मास, टॉर्च अशी वस्तू मिळते. मागच्या स्पर्धेत २२ बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी भरायची मोठी सक्तीची पैज; चिप्स त्यातच मोजतात) हाती असताना पहिल्या जागेवर (जिथे सगळ्यांआधी बोलावं लागतं) मला इस्पिकचा एक्का-चौकी आली आणि मी ती टाकली. त्याच रात्री नऊ ब्लाइंड उरले असताना बटनवरून (जिथे मागे फक्त दोन ब्लाइंड भरणारे उरतात) किलवरचा एक्का-तिर्री घेऊन ऑल-इन गेलो, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि पाचवा बाहेर पडलो. तुम्ही लिहिलंत, ‘चौकी टाकता आणि तिर्रीवर सगळं लावता, हा कुठला हिशेब? सॉल्व्हरसुद्धा [पोकरचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर] पहिल्या जागेवरून एक्का-पंजी सूटेड [दोन्ही पत्ते एकाच रंगाचे] रेज करतो [पैज वाढवतो]. तुम्ही भिऊन खेळता. पाऊस आला की पेरायचं आणि एक्का आला की खेळायचं.’

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण माझा खरा आक्षेप त्यावर आहे. आपण दोघंही सोयाबीन-तूर पेरणारे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला दर जूनमध्ये आपल्या कानावर पडतो. तरी पहिल्या सरीवर पेरून, मग उघडीप पडल्यावर दुबार पेरणीचं बियाणं शोधत फिरलेला माणूस तुमच्याही घरात असेल, माझ्या तर आहेच. पाऊस आला हे त्याला दिसलं होतं. ओल किती खोल गेली, हे त्यानं पाहिलं नव्हतं.

पत्त्यांत ती ओल मोजता येते. माझ्या हातात एक्का-चौकी आहे. समोर एकच माणूस उरला असेल, तर त्याच्याकडे माझ्यापेक्षा मोठ्या किकरचा (सोबतच्या पत्त्याचा) एक्का किंवा एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता सुमारे ९ टक्के. मागे, म्हणजे माझ्यानंतर बोलणारे, दोघं असतील तर जवळजवळ १८. आणि मागे आठ जण असतील, म्हणजे नऊच्या टेबलावर मी पहिल्या जागेवर असेन, तर ती सुमारे ५८ टक्के होते. यात राजा-राणीच्या जोड्या धरलेल्याच नाहीत. म्हणजे पहिल्या जागेवर मी तो एक्का उचलतो तेव्हा, निम्म्याहून जास्त वेळा, टेबलावर कुणीतरी माझ्याहून चांगला एक्का घेऊन बसलेला असतो.

‘पण सूटेड होता ना!’ हे तुम्ही दोनदा लिहिलंत. सूटेड असण्याची किंमत आपल्याकडे फार फुगवली जाते, आणि मला वाटतं त्याला तीन पत्तीची सवय कारण आहे. तिथे तीन पत्ते एका रंगाचे आले की कलर झाला. इथे पाच लागतात. दोन सूटेड पत्त्यांना फ्लॉपवरच (मधल्या पहिल्या तीन पत्त्यांवरच) पूर्ण कलर लागण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी, साधारण ११९ वेळांत एकदा. चार पत्ते जमून पाचव्याची वाट बघायची वेळ येते ती नऊ वेळांत एकदा, आणि तिथून रिव्हरपर्यंत (मधल्या पाचव्या पत्त्यापर्यंत) गेलात तरी कलर लागतो ३५ टक्के वेळा. कुठल्याही दोन पत्त्यांसमोर शेवटपर्यंत नेलं, तर सूटेड एक्का-पंजी सुमारे ६० टक्के जिंकते आणि बिनसूटेड जवळजवळ ५८. एवढाच फरक.

त्याउलट फ्लॉपवर एक्का पडायची शक्यता १७ टक्के आहे, म्हणजे पूर्ण कलरच्या वीसपट. नुकसान तिथेच होतं. एक्का पडला की आपण खूश, पैज लावतो, समोरचा नुसता कॉल करत (तेवढीच पैज भरत) जातो आणि शेवटी एक्का-राणी दाखवतो. कलर चुकला तर माणूस निमूट पत्ते टाकतो. एक्क्याची जोडी लागलेला माणूस टाकत नाही. २२ ब्लाइंडमध्ये असा एक हात पुरेसा आहे.

आता तिर्रीचं. नऊ ब्लाइंड उरले होते, सगळ्यांनी टाकले होते, मागे फक्त दोन ब्लाइंडवाले. आमच्याकडे अँटी (दर डावाची ठरलेली भर) बिग ब्लाइंडवालाच सगळ्यांचा मिळून भरतो, म्हणजे मधे अडीच ब्लाइंड पडलेले (स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग एक, अँटी एक). दोघांनी टाकले तर नवाचे साडेअकरा, एका झटक्यात चौथ्या हिश्श्याहून जास्त वाढ. मागे चांगला एक्का असण्याची शक्यता वर चौकीसाठी सांगितली तिच्याहून किंचित जास्त, सुमारे १९ टक्के. त्या जागेवर, तेवढ्या चिप्सवर, कुठलाही सूटेड एक्का ऑल-इन जायचा. मला बिग ब्लाइंडच्या अठ्ठ्यांच्या जोडीनं कॉल केलं, तरी तीनांत एकदा मी जिंकतोच. त्या रात्री हरलो. पुढच्या शनिवारी तेच पत्ते, तीच जागा आणि तेवढेच ब्लाइंड असले, तर पुन्हा तेच करेन. तेव्हा बटन आणि पहिली जागा यांना एकाच मापानं मोजू नका, भाऊ.

माझी खरी चूक दुसरीच होती आणि ती तुमच्या नजरेतून सुटली. मी तिच्याबद्दल पोस्टमध्ये एका ओळीत लिहिलं, हेही चुकलंच. त्याआधी पाऊण तास, पहिल्या जागेवरच्या माणसानं १२ ब्लाइंडचा ऑल-इन केला होता आणि मी चौकटचा एक्का-अठ्ठी घेऊन कॉल केलं. तो माणूस तासभरात तीनच हात खेळला होता. त्यानं एक्का-गुलाम उघडला. माझ्याकडे जिंकायची संधी उरली जेमतेम ३० टक्के. स्वतः ऑल-इन जाताना दोन वाटा असतात: समोरचा टाकेल, किंवा आपण पत्त्यांवर जिंकू. कॉल करताना पहिली वाट बंद असते. म्हणून ज्या एक्क्यावर ऑल-इन जाता येतं, त्याच एक्क्यावर कॉल करता येतं असं नाही. हे मला माहीत होतं, आणि तरी चौकटचे दोन लाल पत्ते बघून हात पुढे गेला. मी नऊ ब्लाइंडवर आलो तो तिथूनच.

सॉल्व्हरबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. ‘दुर्री ते नव्वी, सगळे दुबळे एक्के सारखेच’ असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. पंजी ही छक्की-सत्तीपेक्षा अनेकदा उजवी, कारण एक्का ते पंजी असा छोटा स्ट्रेट (सलग पाच पत्ते) तिच्यात दडलेला असतो. एक्का-छक्कीचे दोन्ही पत्ते एका स्ट्रेटमध्ये बसतच नाहीत. चिप्स भरपूर असतील तर सॉल्व्हर पहिल्या जागेवरूनही पंजी रेज करतो, हेही खरं. शिवाय कुणी बटनजवळून रेज केलं आणि आपल्याकडे वीसेक ब्लाइंड असतील, तर त्यावर ऑल-इन जायला हा पत्ता फार चांगला. आपल्या हातातल्या एका एक्क्यामुळे समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे सहाचे तीनच प्रकार उरतात, आणि एक्का-राजाचे सोळाचे बारा. त्याला पत्ते टाकणं भाग पडायची शक्यता वाढते.

पण सॉल्व्हर समोरचा खेळाडूही आपल्यासारखाच शहाणा धरतो, आणि आपल्या ओसरीवर कुणी काही टाकत नाही. तिघं-चौघं फ्लॉप बघतात. रात्रीच्या थ्री फेजची वेळ झाली की मोटर सुरू करायला जाणारा माणूससुद्धा जाण्याआधी शेवटचा कॉल करून जातो. अशा टेबलावर लोकांना घाबरवून पॉट (मधे जमलेल्या चिप्स) उचलणं जमत नाही, म्हणून पहिल्या जागेवरून पंजी रेज करण्याचा अर्धा फायदा गेला. उलट शेवटच्या जागेवर, ५०-६० ब्लाइंड असताना, तिघांनी नुसतं कॉल केलेलं असेल, तर मी सूटेड दुर्रीसुद्धा स्वस्तात खेळतो. तिथे एक्क्याचा कलर लागला तर राजाच्या कलरवाला शेवटपर्यंत पैसे, म्हणजे चिप्स, देत राहतो. आणि नुसता एक्का पडला तर मी एका पैजेनंतर थांबतो.

आणखी एक जण खाली विचारतोय की हे सगळं ऑनलाइन पैसे लावून चालेल का. नाही. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, आणि कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. ज्या घरात पीककर्ज थकलंय, तिथे हा नाद शिरू नये.

चार जण उरलेत आणि बक्षीस तिघांना, तेव्हा काय करायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तिथे मी कॉल आणखी आवळतो: एक्का-नव्वी सूटेडसुद्धा टाकतो, जर माझ्याहून कमी चिप्सवाला अजून टेबलावर असेल. मात्र मोठा स्टॅक (चिप्सचा ढीग) माझा असेल आणि सगळे थर्मासच्या आशेनं दबून बसले असतील, तर स्मॉल ब्लाइंडवरून मी कुठलाही एक्का घेऊन ऑल-इन जातो.

‘सगळे सारखेच’ ही ओळ आज पोस्टमधून काढली आणि एक्का-अठ्ठीचा हात तिथे सविस्तर लिहिला. पुढच्या शनिवारी या. आठ वाजता सुरू करतो, जेवण आमच्याकडेच.