डोळे मिटून एमआयटी लायसन्स लावू नका

नवीन ओपन सोर्स (सोर्स कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पाला सरसकट एमआयटी लायसन्स, म्हणजे कोड कुणीही जवळजवळ विनाअट वापरावा अशी परवानगी, लावा, असा सल्ला सगळीकडे फिरतोय. कारणं तीन दिली जातात: जीपीएल या कडक लायसन्समध्ये पैसे कमावता येत नाहीत, कंपन्या जवळ येत नाहीत, आणि चुकलंच तर लायसन्स नंतर बदलता येतं.

जीपीएल विक्रीला मनाई करतच नाही. ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला सोर्स कोड आणि तेच हक्क द्यायचे, एवढी अट आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळायचं सॉफ्टवेअर जीपीएलखालीच आहे आणि कंपनी होस्टिंगचे, म्हणजे ते आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याचे, पैसे घेते. ते ज्या फ्रेमवर्कवर (पायाभूत कोडवर) उभं आहे त्याला मात्र त्यांनी एमआयटी लावलंय. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

कंपन्यांचं म्हणाल, तर लिनक्स कर्नल (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) १९९२पासून जीपीएलखाली आहे आणि इंटेल, गूगल त्यात पगारी माणसं लावून कोड लिहितात. नेटवर्कवरून सेवा देणाऱ्यालाही बदललेला कोड द्यायला लावणाऱ्या एजीपीएलला काही कंपन्या हात लावत नाहीत, हे मात्र खरं. सगळ्यांनी वापरावी अशी छोटी लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) असेल तर एमआयटी किंवा तसंच मोकळं अपाची २.० घ्याच, अपाचीत पेटंटचा हक्कही स्पष्ट दिलेला असतो.

सगळ्यात घातक आहे ते तिसरं कारण. बदलता येतं, पण कुणाला? जीपीएलच्या प्रकल्पात प्रत्येकाचा कॉपीराइट त्याच्याकडेच असेल तर प्रत्येकाची संमती लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचं इंजिन जीपीएलवरून जरा सैल एलजीपीएलखाली नेताना शेकडो जणांना शोधून विचारावं लागलं. उलट रेडिस या डेटाबेसचं लायसन्स बीएसडी, म्हणजे एमआयटीसारखंच मोकळं. मार्च २०२४मध्ये कंपनीने पुढच्या आवृत्त्यांवर निर्बंध घातले, तेव्हा बाहेरून कोड देणाऱ्यांची परवानगी लागली नाही. जुना कोड खुलाच राहिला. त्यावरून लोकांनी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प उभा केला, पण समाज दुभंगला तो दुभंगलाच. पुढे २०२५मध्ये रेडिसने एजीपीएलचा पर्याय दिला.

नुसतं लायसन्स कडक घेऊनही भागत नाही. टेराफॉर्म हे क्लाउडवरची यंत्रणा उभारायचं साधन एमपीएलखाली, म्हणजे बदललेल्या फाइलींचा कोड खुला ठेवायला लावणाऱ्या लायसन्सखाली होतं, तरी ते बनवणाऱ्या हाशीकॉर्पने २०२३मध्ये ते निर्बंध असलेल्या अटींखाली नेलं, कारण कोड देणाऱ्यांकडून आधीच तसा हक्क देणाऱ्या करारावर सह्या घेतलेल्या होत्या. तेव्हा बाहेरचा पहिला पॅच (कोडमधला बदल) घेण्याआधी दोन गोष्टी ठरवून रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाचा कोड ठेवता तिथेच, लिहून ठेवा: लायसन्स कोणतं, आणि ते बदलण्याचा अधिकार कुणाकडे.