आत्याच्या मानेवरचं लिंबू

माझ्या आत्याच्या मानेवर डाव्या बाजूला चार तपकिरी ओघळ आहेत. कानामागून निघालेले, खाली गळ्याच्या हाडापर्यंत आलेले. त्यांच्या वर, जिथे तिने रस चोळला तिथे, तीन बोटं अगदी मोजून घ्यावीत अशी उमटली आहेत. मे महिन्यात याच जागी पाण्याने भरलेले फोड होते. शेजारच्या वहिनींनी बघताक्षणी "नागीण" असं निदान केलं आणि नागीण उतरवणाऱ्याकडे न्यायला रिक्षासुद्धा बोलावली.

नागीण नव्हती, लिंबू होतं. आणि ते लिंबू आलं होतं आत्याच्या फुगडी पथकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. "डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत" अशी सुरुवात, वर "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" हा शिक्का. मजकूर थोडक्यात असा: घाम म्हणजे रक्तातलं विष, जितका जास्त जाईल तितकं रक्त शुद्ध. काखेत डिओ मारला की हे विष आत अडकतं आणि त्यातून स्तनांचा कर्करोग होतो. त्यावर उपाय म्हणजे लिंबाचा रस काखेत आणि मानेवर चोळून सकाळी दहाच्या उन्हात अर्धा तास बसणे. शिवाय केस हे त्वचेचं नाक, तेल हे केसांच्या मुळांचं अन्न, भादरलं की केस दाट येतात, आणि एक पांढरा केस उपटला की सात येतात.

मी उच्च माध्यमिकात जीवशास्त्र शिकवते. हा मेसेज मला तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता पुसून टाकला. चूक झाली. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर निदान आमच्या घरातली एक मान वाचली असती.

आधी लिंबूच घेऊ. लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीच्या तेलात, सोरालेन जातीची रसायनं असतात. अंधारात ती त्वचेवर पडून राहिली तर फारसं काही करत नाहीत. ऊन पडलं की त्यातल्या अतिनील किरणांमुळे ती पेशींच्या डीएनएला चिकटतात आणि पेशी मरतात. हे लगेच दिसत नाही, हीच यातली फसवणूक. आग सुरू व्हायला साधारण एक दिवस लागतो, फोड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरतात. तोवर लिंबू कुणाच्या लक्षात राहतं? आत्यालाही राहिलं नव्हतं. "काल उष्ण खाल्लं म्हणून आलं गो," असं ती मला फोनवर सांगत होती.

पुरावा तिच्याच अंगावर होता. रस तिने काखेतही चोळला होता, मानेवरही. काखेत थोडं चुरचुरलं, बाकी काही नाही, कारण अंगणात खुर्ची टाकून हात खाली सोडून बसलेल्या बाईच्या काखेत ऊन जाईल कुठून? मान भाजली. लिंबू एकच, बाई एकच, फरक फक्त उन्हाचा. आमच्या डॉक्टरांनी ओघळांचा आकार बघून पहिलाच प्रश्न विचारला, "लिंबू पिळलं होतं का?" गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जायची पाळी आली नाही. डाग मात्र काही महिने राहतील म्हणाले. हुर्राकाच्या (काजूच्या बोंडांच्या रसाच्या दारूच्या) दिवसांत भर उन्हात बसून ग्लासात लिंबू पिळणाऱ्यांच्या बोटांवरही असे डाग पडू शकतात.

कुणी म्हणेल, लिंबू तर नैसर्गिक. बिब्बाही नैसर्गिकच की! माझी हीच आत्या ओले बिबे, म्हणजे कोवळे काजूगर, सोलायला बसण्याआधी हातांना खोबरेल चोपडते, कारण काजूच्या सालीतलं तेल बोटांची सालपटं काढतं हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. झाडाचा रस कातडी जाळतो हे तिला मी शिकवायची गरजच नाही. आणि सोरालेन काही नुसतं खलनायक नाही. बावचीच्या बियांत ते असतं, कोडावर बावची लावून ऊन देण्याचा उपचार जुना आहे, आजचे डॉक्टरही हीच रसायनं किरणांबरोबर देतात. पण मोजून, देखरेखीखाली. "अर्धा तास बसा" असं म्हणणाऱ्याने काय मोजलं होतं?

आता घाम. आपल्या त्वचेत साधारण 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात, तळहात, तळपाय आणि कपाळावर सर्वांत दाट. त्यातून येतं त्यात 99 टक्के पाणी, उरलेलं मुख्यतः मीठ. युरिया आणि काही धातूंचे अंश घामात सापडतात, हे मला मान्य करावं लागतं, आणि मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेवढंच कुठेतरी वाचलं असावं. पण रक्त गाळायचं काम मूत्रपिंडांचं. ती दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. घामाने रक्त शुद्ध होत असतं तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला आपण मे महिन्यात फोंड्याच्या बाजारात उभं केलं असतं आणि काम भागलं असतं.

घामाचं काम अंग थंड करणं. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळताना, हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे मे महिन्यात हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळून जमिनीवर पडलेला घाम अंगाला काडीचाही थंडावा देत नाही. म्हणजे "भरपूर घाम गेला, बरं वाटलं" असं वाटतं तेव्हा पाणी आणि मीठ गेलेलं असतं, उष्णता अंगातच असते. आत्याचं वय 67, त्यात रक्तदाबाची गोळी, आणि वर मुद्दाम उन्हात बसायचं!

डिओचा मुद्दा जास्त गंभीर, कारण त्यात कर्करोगाचं नाव आहे आणि ते नाव ऐकलं की माणसं पुढचं वाचतच नाहीत. काखेत वेगळ्या जातीच्या ग्रंथीही असतात, त्या वयात येताना जाग्या होतात. त्यांच्या स्रावाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, त्वचेवरचे जिवाणू तो खातात तेव्हा वास येतो. साधा डिओ जिवाणूंना आवरतो किंवा वास झाकतो. घाम थांबवणारा प्रकार निराळा, त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात. म्हणजे "अडकतं" हा शब्द पूर्ण खोटा नाही. अडकतं ते खारं पाणी.

गोंधळाचं एक कारण मला आपल्या भाषेतच दिसतं. घाम तयार करणाऱ्या घर्मग्रंथी आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या गाठी म्हणजे लसिकाग्रंथी, दोन्हींना आपण ग्रंथीच म्हणतो. स्तनांचा कर्करोग पसरतो तेव्हा अनेकदा आधी काखेतल्या लसिकाग्रंथींत सापडतो. मग वाचणाऱ्याला वाटतं, काखेतली ग्रंथी तुंबली, तिथून रोग स्तनात गेला. या दोन ग्रंथींची एकमेकींशी जोडणी नाही, आणि रोगाचा प्रवास बरोबर उलटा असतो.

अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी स्तनांचा कर्करोग झालेल्या 813 आणि न झालेल्या 793 स्त्रियांना त्या काखेत काय लावतात, कधी लावतात, केस काढल्यावर लगेच लावतात का, असं सगळं विचारलं. 2002 मध्ये हा अभ्यास जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये छापून आला. संबंध आढळला नाही. मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या) दिवशी काखेत काही लावू नका असं सांगतात, ते खरं आहे. पण ते अ‍ॅल्युमिनियमचे कण चित्रात ठिपक्यांसारखे दिसून घोटाळा होतो म्हणून. आणि ज्यांचं मूत्रपिंड फार बिघडलेलं आहे त्यांनी अ‍ॅल्युमिनियमवाला प्रकार डॉक्टरांना विचारून वापरावा. बस्स, इतकंच.

केसांचं झटपट उरकते. त्वचेबाहेरचा केस मेलेला असतो, केराटिनचा धागा. तो श्वास कसला घेणार? त्वचेने श्वास घ्यायचं काम पावसाळ्यात अंगणात ओरडणारे बेडूक करतात, आपल्याला फुप्फुसं आहेत. भादरल्यावर केस दाट येतात का हे मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्येच तपासलं होतं: येत नाहीत. वस्तऱ्याने कापलेलं टोक बोथट असतं म्हणून राठ लागतं. बाळाचं जावळ काढल्यावर दाट येतात, कारण ते कोवळे केस तसेही गळून जाडसर यायचेच असतात. पांढरा उपटला तर त्याच मुळातून पुन्हा एक पांढराच येतो. सात कुठून येणार, ती काय केळ आहे?

तेलाबाबत मात्र मेसेजला अर्धा गुण द्यावा लागेल. खोबरेल मुळांना अन्न देत नाही, मुळांना अन्न रक्तातून मिळतं. पण खोबरेल केसाच्या धाग्यात शिरतं आणि धुताना-विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं 2003 च्या एका अभ्यासात दिसलं होतं. तो अभ्यास खोबरेल विकणाऱ्याच कंपनीतल्या लोकांनी केला होता, हेही सांगून ठेवते. आत्याने हा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला आणि "मगे, बघ!" म्हणाली.

हे सगळं मी चार ओळींत करून तिच्या ग्रुपवर टाकलं. दोन नमस्कार आले, एक फुलांचा गुच्छ, आणि एका काकींचा प्रश्न, "मग लिंबाच्या जागी कोकमाचं आगळ चालेल का?" आत्याला वेगळीच चिंता आहे. चवथीला पथकाच्या फुगड्या आहेत आणि तोवर डाग जातील असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. तेव्हा तिने बंद गळ्याचा ब्लाऊज शिवायचं ठरवलं. पथकात सगळ्यांचे ब्लाऊज सारखे लागतात, म्हणून आता आठही जणींची मापं टेलरकडे गेली आहेत.