‘फरफटवलंत’ या शब्दाबद्दल

दादा, (नाव लिहिलेलं नाही म्हणून दादा म्हणतोय, ताई असाल तर राग मानू नका) कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या संस्थेला देणग्या मिळाव्यात म्हणून आम्ही मुलांसकट अकरा दिवस सायकलवर फिरलो, त्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो पण बायको म्हणाली झोप आधी, सकाळी लिही. सकाळी राग तेवढाच आहे.

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. खर्चाचा हिशोब दिला नाही, ट्रिपचे पैसे सरळ संस्थेला दिले असते तर बरं झालं असतं, आणि ‘स्वतःच्या हौसेपायी लहान मुलांना अकरा दिवस उन्हात फरफटवलंत’.

हिशोबाचं मान्य. राहणं, खाणं, टायर-ट्यूब सगळं आमच्या खिशातून झालं आणि देणग्या लोकांनी थेट संस्थेच्या खात्यात भरल्या, आमच्या हातात एक पैसा आला नाही. पण हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, राहून गेलं, चूक माझी.

पण फरफटवलंत? टाइप करताना काहीच वाटलं नाही का हो? आधी उन्हाचं. आम्ही रोज उजाडायच्या आत लाइट लावून निघायचो आणि दहाच्या आत थांबायचो, दिवसाला फार तर ४५ किलोमीटर. धाकटी सात वर्षांची. तिची सायकल म्हणजे पुढचं चाक नसलेली अर्धी सायकल, माझ्या सीटच्या दांड्याला मागून जोडलेली, तिला तिचे पेडल आहेत, मारायचे तर मारायचे नाहीतर बसून राहायचं, आणि ती थांबली की माझ्या मांड्यांना लगेच कळतं. तिसऱ्या दिवशी एका लांब चढावर ती थांबली. मी काही बोललो नाही, धापा टाकत ओढत होतो. जरा वेळाने मागून चेन वाजायला लागली आणि माझी सायकल एकदम हलकी झाली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

थोरल्याचा गुडघा पाचव्या दिवशी पुढून दुखायला लागला. सीट खाली सरकली होती, सीट खूप खाली असली की पेडल मारताना गुडघा जास्त दुमडतो आणि पुढे ताण येतो. बोटभर वर केली आणि वर एक पूर्ण दिवस मुक्काम वाढवला, पुढच्या गावात लोक वाट बघत होते तरी. फरफटवणारा माणूस असा थांबतो?

आणि हौस. मी नववीत असताना वडिलांचा पाय अपघातात गेला. कृत्रिम पाय याच संस्थेने बसवून दिला. आठ महिन्यांनी ते परत सायकलवर बसले तेव्हा मागून सीट धरून मी पळत होतो, माझे हात तेव्हा किती थरथरत होते ते तुम्हाला काय माहीत. माझी मुलं आजोबांचा तो पाय रात्री पलंगाशी उभा केलेला रोज बघतात. आपण कशासाठी निघालोय हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

राहता राहिलं पैसे सरळ देण्याचं. ते आम्ही दरवर्षी देतोच, पण आमचे पैसे आमच्याएवढेच असणार ना. १९८० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ३६ जण कॅन्सरच्या कामासाठी सायकलवर निघाले तेव्हा १०,२०० डॉलर जमले होते, त्याच पॅन-मास चॅलेंजची आजवरची बेरीज १०० कोटी डॉलरच्या पुढे गेलीय. ते ३६ जण घरी बसून चेक फाडत राहिले असते तर झालं असतं का हे? यावर मला आणखी वाद घालायचा नाही.

हिशोब शनिवारपर्यंत पावत्यांच्या फोटोंसकट टाकतो. आणि माझ्या मुलांबद्दल पुन्हा काही लिहायचं असेल तर स्वतःच्या नावाने लिहा.