चाळशी, चिप आणि पिवळी टोपी

मला साठ पूर्ण झाली त्या दिवशी घरचे जरा हळवे वगैरे झाले होते, मी मात्र मनातल्या मनात उड्या मारत होतो, कारण आता शर्यतीतल्या ५५ ते ५९ च्या वयोगटातून सुटका आणि ६० ते ६४ मध्ये एंट्री, म्हणजे त्या गटात आपणच बाळ! म्हातारं व्हायची इतकी घाई असलेली जमात आम्हा पळणाऱ्यांशिवाय दुसरी नसेल.

लोकांना सांगताना अर्थात, "छे हो, तब्येतीसाठी पळतो, स्पर्धा-बिर्धा काही नाही." साफ खोटं. गेल्या तीन वर्षांचे आमच्या गटाचे रिझल्ट मला सेकंदासकट पाठ आहेत, आणि नातवाचा वाढदिवस बायकोला विचारावा लागतो. लोक पण काय, लगेच फौजा सिंगांचं उदाहरण देतात, २०११ मध्ये टोरांटोला शंभराव्या वर्षी अख्खी मॅरेथॉन पूर्ण केली त्यांनी. हे कौतुक असतं की अजून चाळीस वर्षं छळ सोसायचाय ही धमकी, मला कळत नाही.

तर हाफ मॅरेथॉन. पहाटे उठून व्हॅसलीन कुठे कुठे लावलं ते विचारू नका, बिब, म्हणजे छातीवरचा नंबराचा कागद, चार पिनांनी टोचला, त्यातली एक थेट पोटाला, आणि स्टार्टला सगळ्यांत पुढे घुसून उभा राहिलो. तिथे लक्षात आलं, चाळशी घरी राहिली. मनगटावर एवढं महागाचं जीपीएस घड्याळ, पेस दाखवतं, ठोके दाखवतं, आणि मला दिसतंय काय, तर एक राखाडी डाग. हात लांब करून बघावं तर शेजारच्या पोराच्या नाकाला लागला.

मग घड्याळ सोडलं आणि माणूस धरला. सातव्या किलोमीटरला मागून एक पिवळी टोपी आली, पांढऱ्या मिशा, श्वास शांत, आणि मला ओलांडून गेली. हा नक्की आपल्या गटातला! झालं, माझी सगळी स्ट्रॅटेजी, सगळं ट्रेनिंग एका टोपीत येऊन बसलं. तो पाणी प्याला की मी प्यायचो, तो वळणाला आतून गेला की मीही आतून. २२० मधून वय वजा करा, तेवढे जास्तीत जास्त ठोके असा एक ढोबळ हिशोब आहे, म्हणजे माझे १६०. घरी येऊन बघितलं तर १७३. त्या हिशोबाने मी वाटेतच गेलेलो असायला हवं होतं.

सोळाव्याला पाय संपले. ताकदीसाठी खायचं जेल काढलं, त्याचं पाकीट दाताने फोडायचं असतं, आणि माझ्या पुढच्या दाताला कॅप. जेल की दात असा विचार करत पाऊण किलोमीटर गेला. शेवटी दात वाचवला, पाकीट तसंच मुठीत धरून शेवटपर्यंत पळालो.

आणि हे अंतर सरळ २१ किलोमीटर का नाही हो? २१.०९७५! एकविसाची पाटी गेली की शरीर म्हणतं झालं, आणि समोर ते साडेसत्त्याण्णव मीटर. पण तिथेच टोपी जरा ढिली पडली, मी दातओठ खाऊन (कॅपसकट) सुटलो आणि दोन पावलांनी पुढे लाइन ओलांडली. हात वर करायला गेलो, पण खांद्याच्या वर जाईनात.

मोबाइलवर रिझल्ट आला. मला दिसेना. टोपीवाल्याकडे दिला, तो म्हणाला, "माझीही चाळशी गाडीत राहिलीय हो." मग मेडल वाटणाऱ्या एका मुलीला गाठलं. तिने वाचलं. तो मागून सुटला होता, अंगावरच्या वेळ नोंदवणाऱ्या चिपचा टाइम आपण स्टार्टची चटई ओलांडल्यापासून मोजतात, म्हणजे मी जिवाच्या आकांताने मागे टाकलेला माणूस माझ्यापेक्षा ४१ सेकंद आधीच पोचला होता. वर तो माझ्या गटातलाच नव्हता, ६६ वर्षांचा निघाला.

"काका, तुम्ही तुमच्या गटात पहिले," ती त्याला म्हणाली, आणि माझ्याकडे बघून, "आणि हे आजोबा चौथे."