मयसभा नको, लाक्षागृह रचा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या गोष्टीखेळात डंजनमध्ये, म्हणजे सापळ्यांनी भरलेल्या भुयारात, फसवाफसवी घालायची म्हटलं की आपल्या इंदूरच्या प्रत्येक नव्या डीएमला (डंजन मास्टर, खेळ रचून चालवणारा) मयसभाच आठवते. मला विचाराल तर सापळ्याचा तो वाईट नमुना आहे. दुर्योधन स्फटिकाच्या फरशीला पाणी समजून वस्त्र सावरतो, मग पाण्याला फरशी समजून अंगावरच्या कपड्यांसकट पडतो. ओळखायला खूण काहीच नाही, वर भीम हसतोय. टेबलावर तो हसणारा भीम म्हणजे डीएम. असे दोन सापळे बसले की खेळाडू दहा फुटी काठीने एकेक फरशी ठोकत निघतात आणि एका बोळात पाऊण तास जातो.

त्यापेक्षा लाक्षागृह बघा. विदुराने निघतानाच आडून सुचवलेलं असतं, आणि घरात शिरताच युधिष्ठिराला तूप-लाखेचा वास येतो. तरी पांडव पळत नाहीत. तिथेच राहतात, गुपचूप भुयार खणून घेतात, आणि शेवटी आग लावतो तो भीम! जळतो ते घर बांधणारा पुरोचन. सापळा ओळखून तो उलटवायला मिळाला, की खेळाडू वर्षभर तेच सांगत फिरतात.

'टूम्ब ऑफ हॉरर्स'चा दाखला मला देऊ नका. या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने १९७५ साली 'ओरिजिन्स' या खेळ-संमेलनात खेळवलेलं, १९७८ साली छापलेलं हे साहस क्रूर आहे, मान्य. हिरव्या राक्षसी चेहऱ्याच्या उघड्या तोंडात शिरलात की संपलात. पण त्याच बोळाच्या फरशीतल्या नक्षीत कोडं दडवलंय आणि हिरव्यापासून लांब राहा असं त्यात चक्क सांगितलंय.

मायाजालाचंही तेच. 'सायलेंट इमेज' या मंत्राने उभ्या केलेल्या भासाला आवाज नाही, वास नाही, धग नाही. मग आगीचं वर्णन करताना डीएमने फक्त ज्वाळा सांगाव्यात. "धग लागतेय का?" असं कुणी विचारलं तर फासे टाकायला न लावता सरळ "नाही" म्हणावं. नियमात इन्व्हेस्टिगेशनचा रोल (भास ओळखायला फासे टाकणं) आहे, पण बरोबर प्रश्न विचारणाऱ्याला पुन्हा फाशांच्या दारात कशाला उभं करायचं?

मध्यंतरी मी इथल्या इतवारिया बाजारातल्या काचमंदिरावरून एक दालन रचलं. भिंती, छत, खांब, सगळीकडे आरसे. बाकीचे गुप्त दार शोधत होते. भाचा मात्र आरशासमोर थांबला.

"मामा, माझी तलवार डाव्या कमरेला आहे. समोरच्याची कुठल्या बाजूला दिसते?"

"तुझ्या उजव्या हाताच्या बाजूला."

"मग हा आरसाच नाही भिया! पलीकडे कोणीतरी उभंय."

(चिडला किंवा खूश झाला की मामाचा भिया होतो.) त्याने तलवार उपसलीच नाही. हळूच सगळ्यांना मशाली विझवायला लावल्या, कारण डार्कव्हिजनवाली, म्हणजे अंधारात दिसणारी, एल्फ त्यांच्याकडे होती, काचेमागच्या तोतयांना मात्र उजेडाशिवाय काही दिसत नव्हतं. माझी दोन संध्याकाळची मेहनत पाच मिनिटांत आडवी. मजा आली.

लाक्षागृहातला एक धागा मात्र अजून वापरायचाय. त्या रात्री तिथे जेवून झोपलेली निषादी (निषाद जमातीतली बाई) आणि तिचे पाच मुलगेही जळाले. पुढच्या मोहिमेत सापळा उलटवता येईल असाच ठेवलाय, फक्त आत आणखी कुणीतरी झोपलेलं असेल. भाच्याला आत्ताच सांगू नका, तो ही पोस्ट वाचत नाही.