काळी पाटी

मामांचं औषधांचं दुकान आहे. बिलं कॉम्प्युटरवर निघतात. दोन वर्षांपूर्वी हार्ड डिस्कने मान टाकली, तेव्हा अख्खी उधारी तिच्याबरोबर गेली आणि उधार नेणाऱ्यांपैकी एकालाही आपला आकडा आठवेना. घराण्यात 'त्यातलं कळणारा' मी एकटा. म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत वीसेक ओळी लिहून दिल्या: दर 15 मिनिटांनी बिलांचा डेटा पेनड्राइव्हवर. ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावलं, मामीच्या हातचं थालीपीठ खाल्लं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन.

"अरे, मधेच एक काळी पाटी उघडते नि मिटते. व्हायरस सोडलास की काय?"

"मामा, तो आपलाच बॅकअप आहे."

"आपलाच आहे तर तोंड कशाला काळं?"

पाटी म्हणजे प्रोग्राम आपली बडबड छापतो ती काळी विंडो. नुसती दिसली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण ती येताना कीबोर्डही आपल्याकडे ओढून घेई. मामा दोन बोटांनी, खाली मान घालून टाइप करतात. 'पॅरा' बिलात आणि 'सिटामॉल' पाटीत! एकदा चिडून त्यांनी पाटीवरच क्लिक केलं. आता या पाटीत क्लिक केलं की विंडोजला वाटतं, तुम्हाला मजकूर निवडायचाय. आणि आतला प्रोग्राम पुढची ओळ छापायला गेला की एंटर मारेपर्यंत तिथेच खिळतो. मामा बिलाकडे वळले, पाटी मागे दडली. आधीचा फेरा संपल्याशिवाय शेड्युलर नवा सोडत नाही, त्यामुळे दिवसभर बॅकअप ठप्प. मामा मात्र खूश. "आज परत आली नाही बघ!"

मग मी पाटी लपवायच्या मागे लागलो. शेड्युलरमध्ये 'हिडन' अशी चौकट दिसली, टिक केली. तिने यादीतून कामच लपवलं. पाटी दिसायची ती दिसतच राहिली, उलट मलाच माझं काम सापडेना. विंडोजला टाइप करून हुकूम सोडायचा पॉवरशेल नावाचा प्रोग्राम असतो, त्याला 'विंडो लपव' म्हणून सांगून पाहिलं, तर पाटी क्षणभर चमकून मग लपली. कारण पॉवरशेल स्वतःच काळ्या पाटीच्या जातीचा. पाटी आधी उघडते आणि लपायचा निरोप तिला नंतर मिळतो. पंचा गुंडाळून बाहेर आल्यावर दिवाणखान्यात पाहुणे दिसावेत, तसं.

खरं कारण फार साधं निघालं. सटवाईने लिहावा तसा प्रत्येक एक्झी फाइलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलच्या, कपाळावर एक आकडा असतो. 3 असेल तर विंडोज पाटी काढून देणार, 2 असेल तर नाही. पायथॉनबरोबर त्याचं 2 आकड्याचं भावंडही येतं, पायथॉनडब्ल्यू. शेड्युलरमध्ये एवढा एक 'डब्ल्यू' वाढवला. त्यासाठी मी तीन रविवार घालवले होते.

पाटी गेली. मामांनी फोन करून चक्क शाबासकी दिली.

महिन्याभराने दुकानात गेलो, सहज पेनड्राइव्ह उघडला. आत 19 दिवसांपूर्वीची बिलं आणि हळदीची 64 गाणी. दुकानातल्या पोऱ्याने बहिणीच्या लग्नासाठी पेनड्राइव्ह नेला होता. परत आणून लावलाही होता इमानदारीत, पण कॉम्प्युटरने 'ई'ऐवजी त्याला 'एफ' अक्षर दिलं होतं. माझा प्रोग्राम 'ई' शोधत दर 15 मिनिटांनी 'पेनड्राइव्ह सापडत नाही' म्हणून बोंबलत होता. पण पायथॉनडब्ल्यूला छापायला पाटीच नाही, त्यामुळे बोंब हवेतच. पाटी असती तर निदान मामांनी शिव्या देता देता वाचलं असतं.

मी म्हटलं, "चुका लिहून ठेवणारी एक लॉग फाइल करतो."

"ती उघडून कोण बघणार? तुझी पाटीच परत लाव."

'डब्ल्यू' काढला. क्लिकने खिळण्याची सोयही बंद केली. आता पाटी आली की रेल्वे फाटकाशी थांबावं तसे मामा दोन्ही हात उचलून बसतात आणि ती गेल्यावर पुढचं अक्षर दाबतात. परवा एका गिऱ्हाइकाने डोकावून विचारलं, "व्हायरस आहे का हो?"

"छे, भाच्याचा बॅकअप. तोंड काळं आहे, पण आपलाच आहे."